तुकडा अजून गरम आहे

मे महिन्यातलं भोपाळचं ऊन. मंडीदीपहून परत येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सगळे ओल्या रुमालाने मान पुसतायत, आणि माझ्या पुढच्या सीटवर एक गृहस्थ पूर्ण बाह्यांचा हिरवा स्वेटर घालून शांत बसलेले. घरी विणलेला स्वेटर, कोपरांवर रफू केलेला. नोकरीचा माझा पहिला दिवस. मला वाटलं, माणूस तापाने फणफणलाय. शेजारच्या बाईंना खुणेने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अरे, वो तो भाईसाब हैं. स्वेटर उतारना भूल गए होंगे." तेवढ्यात गृहस्थांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, माझ्या डब्यावर आईने रंगवलेलं आडनाव वाचलं आणि म्हणाले, "मराठी का? बरं झालं. हा स्वेटर अंगात आहे हे मला कुणी मराठीत सांगितलं असतं, तर लवकर कळलं असतं."

हे आमचे काका. आता ते नाहीत. मला आयुष्यात जितके धक्के त्यांनी दिले, तितके दुसऱ्या कुणी दिले नाहीत. त्यातल्या एका धक्क्यासाठी मी त्यांना सहा वर्षं माफ केलं नाही. तो धक्का सांगायचा तर आधी त्यांच्या खोलीबद्दल सांगायला हवं.

आमचा कारखाना मोठ्या यंत्रांना लागणारे शाफ्ट बनवायचा. शाफ्ट म्हणजे लोखंडाचा गोल, गुळगुळीत दांडा. तो घासून घासून अगदी नेमक्या मापाला आणावा लागतो. ते माप बरोबर आलं की नाही हे ठरायचं काकांच्या खोलीत. खोली काचेची, बारा महिने थंडगार, म्हणून तो स्वेटर. मध्ये काळ्या दगडाचं मोठं टेबल. मशिनवरून आलेला कुठलाही तुकडा काका आधी त्या टेबलावर नुसता ठेवून द्यायचे. मोजायचे नाहीत. त्याच्यापाशी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करायचे. पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलेलं: "आराम चालू है". लोखंड तापलं की फुगतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बाहेर चाळीसच्या वर पारा आणि मशिनची वेगळी ऊब, त्यामुळे आलेला तुकडा थोडा फुगलेलाच असायचा. तो खोलीइतका थंड झाला की मगच त्याचं खरं माप. त्याला कधी चार तास लागायचे, कधी अख्खी रात्र.

बाकी कारखान्यांतही हा नियम असतो, पण कागदावर. काका तो पाळायचे. मग काय, कामगार त्या खोलीला धर्मशाळा म्हणायचे. "भाईसाब, आपकी धर्मशाला में एक कमरा खाली है क्या?" असं दारातून ओरडायचे आणि शाफ्ट आत ढकलायचे. काका हसून म्हणायचे, "आने दो, थका हुआ है बेचारा."

माणूस मूळचा नगरकडचा. ख्रिस्ती. नमस्काराऐवजी "सलाम" म्हणायचे, तेही इतक्या सहज की मीसुद्धा आठवड्याभरात सलाम म्हणायला लागले आणि घरी आईची बोलणी खाल्ली. राहायला पिपलानीत, बायकोच्या क्वार्टरमध्ये. हो, बायकोच्या. काकू तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात नोकरीला होत्या, त्यामुळे क्वार्टर त्यांच्या नावावर आणि दारावरची पाटीही त्यांचीच. पाटीवर काकांचा मागमूस नाही. बसमधले लोक यावरून त्यांना काय काय चिडवायचे! एकाने विचारलं, "भाईसाब, चिट्ठी आती है तो पता क्या लिखते हैं?" काका म्हणाले, "पता वही लिखते हैं जो पत्नी का है. मैं मिल जाता हूँ." मी त्यांच्या जागी असते तर पाटी रातोरात बदलली असती. आमच्या घरातला पुरुष असता तर त्याने क्वार्टरच बदललं असतं.

आता माझं सांगते. माझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. बाबाही कचेरीतच चिकटले. बाबांकडे एक प्लास्टिकचा फोल्डर होता. त्यात माझ्या पहिलीपासूनच्या गुणपत्रिका. पाहुणे आले की चहाच्या आधी फोल्डर. नागपूरची आत्या मी इंजिनीअर झाल्यावर म्हणाली होती, "पोरगी कारखान्यात काय करणार? ग्रीस पुसणार?" त्यावर बाबा म्हणाले, "वर्षभरात नोकरी पक्की करून दाखवेल." झालं. पहिलं वर्ष कच्चं, मग पक्कं, असा त्या कंपनीचा नियम होता. पक्की झाले नाही तर आत्या जिंकली, बाबा हरले, आणि मी घरी बसून बँकेच्या परीक्षा देणार. शॉपमध्ये, म्हणजे मशिनं चालायची त्या शेडमध्ये, माझ्याशिवाय एकही मुलगी नव्हती. म्हणून मी सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची, आणि कुणी "कोण करेल?" म्हटलं की आधी माझा हात वर.

काकांना याचं फार नवल वाटायचं. एकदा त्यांनी विचारलं, "अगं, तू हात वर करतेस तेव्हा काम काय आहे ते ऐकतेस तरी का?"

दरवर्षी कंपनी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्यायची. या वर्षातल्या तुमच्या उल्लेखनीय उपलब्धी लिहा. लोक पानंच्या पानं जोडायचे. मी चार पानं लिहिली आणि आणखी दोन कोरी पानं मागायला गेले. तिथे क्लार्कच्या टेबलावर काकांचा फॉर्म उघडा पडला होता. त्या भल्यामोठ्या चौकटीत दोन शब्द. "काम किया." मी क्लार्ककडे बघितलं. तो म्हणाला, "मैडम, हर साल यही लिखते हैं. पिछले साल का निकालूँ?" मला खरोखर धक्का बसला. मॅनेजरने त्यांना बोलावून म्हटलं म्हणे, "कुछ तो लिखिए भाईसाब." काकांचं उत्तर, "लिखा तो है साहब."

बसमध्ये मी त्यांना झाडलंच. "काका, तुम्ही सांगणार नाही तर त्यांना कळणार कसं? किती लोकांना शिकवलंत, किती चुका पकडल्यात! आणि ते तोंडी गणित?" तोंडी गणित म्हणजे त्यांची एक गंमत होती. तापलेला तुकडा तळहातावर घ्यायचा, हा किती गरम आहे ते नुसत्या हाताने ओळखायचं, आणि गरम मापावरून थंड झाल्यावर किती भरेल ते मनातल्या मनात हिशोब करून सांगायचं. दुसऱ्या दिवशी मोजलं की नेमकं तेवढंच. डब्याच्या सुट्टीत आम्ही हट्ट केला की करून दाखवायचे. पण रजिस्टरमध्ये तो आकडा कधी लिहायचे नाहीत.

काका मग म्हणाले, "तुला आमच्या येशूची एक गोष्ट सांगू? बाप्तिस्मा घ्यायला तो नदीत उतरला. पाण्यातून वर येतोय तोच आभाळातून बापाचा आवाज आला, हा माझा लाडका मुलगा, मी याच्यावर खूश आहे. आता तू सांग, तोवर त्याने काय केलं होतं? एका आंधळ्याला डोळे दिले नव्हते, एक मेलेला उठवला नव्हता. तीस वर्षांचा सुतार. निकाल लागायच्या आधीच बापाने पेढे वाटून टाकले."

"आमच्याकडे निकाल लागल्यावरही पेढे टक्केवारी बघून," मी म्हटलं. ते इतके हसले की पुढचे लोक वळून बघायला लागले.

"आणि पुढे ऐक. लगेच रानात सैतान भेटला. म्हणाला, मुलगा असशील तर दाखव की! या दगडांच्या भाकरी कर. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस, करता येत होत्या. नाही केल्या."

"का पण?"

"भाकरी कुणाला हव्या होत्या, सांग ना? सैतानाला फक्त बघायचं होतं."

मी म्हटलं, काका, तुम्ही देवाधर्माच्या गोष्टी सांगून फॉर्म भरायचं टाळताय. ते म्हणाले, तेही असेल.

वर्ष संपायला तीन आठवडे राहिले होते. उत्तम शुक्रवार होता, म्हणजे गुड फ्रायडे; त्या दिवशी काका कधीच कामावर यायचे नाहीत. दिवसभर चर्चमध्ये. नेमकं त्याच दिवशी गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा आणि बारा शाफ्ट अजून मशिनवर. मॅनेजर शॉपमध्ये येऊन ओरडला, "आज कौन निकालेगा ये माल?" माझा हात वर.

काकांच्या खोलीतलं माप घ्यायचं थंडगार यंत्र, मायक्रोमीटर, घेऊन मी मशिनपाशी गेले. घासणाऱ्या कारागिराने विचारलं, "मैडम, ठंडा नहीं करना?" मी म्हटलं, "टाइम कहाँ है?" प्रत्येक शाफ्ट मोजला. माप अगदी बरोबर येईपर्यंत घासून घेतला, ओके केला आणि संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा ट्रकमध्ये चढवले. मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, आता पक्की समजा. बाबांनी त्याच संध्याकाळी आत्याला फोन केला.

गरम असताना बरोबर होते. गिऱ्हाइकाकडे पोचून थंड झाले आणि बाराच्या बारा कमी भरले. जास्त भरले असते तर आणखी घासता आले असते. कमी झालेलं लोखंड परत कसं चिकटवणार? सगळे भंगारात.

मॅनेजरच्या केबिनमध्ये मी आणि काका उभे. "किसने नापा?" मॅनेजरने विचारलं. मी जमिनीकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला खात्री होती की काका सांभाळून घेतील. देवमाणूस! म्हणतील की खोलीची जबाबदारी माझी, चूक माझी. त्यांचा देवही असंच काहीतरी करतो ना, दुसऱ्यांचं आपल्या अंगावर घेतो?

"इसने नापा," काका म्हणाले. "गरम नापा. गलती इसी की है."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. चेहरा नेहमीसारखाच, राग नाही, काही नाही. पुढे म्हणाले, "पर इसको रखिए, साहब. अब ये कभी गरम नहीं नापेगी. ऐसा आदमी फिर कहाँ मिलेगा?"

बाहेर आल्यावर मी रडायलाच लागले. ते म्हणाले, "काम खराब झालंय पोरी, ते भंगारात जाईल. तू कुठे भंगारात चाललीयस? तुझं रजिस्टर वेगळं आहे." मला ते अजिबात पटलं नाही. पण मॅनेजरने एक वाट ठेवली होती. गिऱ्हाइकाचा माणूस गुरुवारी येणार होता. आमच्या मोजण्यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. तो काकांची परीक्षा घेणार. "उनको खुश कर दीजिए भाईसाब," मॅनेजर म्हणाला, "लड़की पक्की. मेरी ज़ुबान है."

मी त्या गुरुवारपर्यंत नीट जेवलेसुद्धा नाही. पण मनातून निर्धास्त होते. काका आणि मोजमाप! त्यांना कोण हरवणार?

तो माणूस सूटबूट घालून आला. बॅगेतून त्याने फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी तुकडा काढला. त्याचं खरं माप बंद पाकिटात, फक्त त्यालाच माहीत. म्हणाला, "दस मिनट हैं मेरे पास. बताइए." काचेपलीकडे अर्धी शॉप गोळा झालेली.

काकांनी तुकडा तळहातावर घेतला. क्षणभर धरला. मग काळ्या टेबलावर ठेवला.

"गाडी में रखा था ना?" ते म्हणाले. "अभी गरम है. कल सुबह आइए."

तो हसला. "गरमी का हिसाब लगा लीजिए. सुना है आप तो मुँहज़बानी लगा लेते हैं."

काकांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले. मॅनेजर त्यांच्या कानाशी लागला, "भाईसाब, दस मिनट की बात है. दिखा दीजिए ना." मी काचेला नाक लावून उभी होते. मनात ओरडत होते, सांगा, सांगा, सांगून टाका! त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खिशातून एक हात काढला आणि तो मेला पुठ्ठा त्या तुकड्यापाशी उभा केला. आराम चालू है.

त्या माणसाने घड्याळ बघितलं, तुकडा उचलला, फडक्यात गुंडाळला आणि निघून गेला. मॅनेजर जे ओरडला ते मी इथे लिहू शकत नाही. मी ओरडलेही नाही. मला समजतच नव्हतं की आत्ता आपल्या डोळ्यांसमोर नेमकं काय झालं.

चौथ्या दिवशी मला पत्र मिळालं, सेवा पुढे चालू ठेवता येत नाही. काकांची खोली काढून घेतली. त्यांना हातात टेप देऊन गेटवर बसवलं, येणाऱ्या सळ्यांची लांबी मोजायला. सळ्यांना ऊन लागलं तरी कुणाला फरक पडत नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी पिपलानीला त्यांच्या क्वार्टरवर गेले. दारावर काकूंची पाटी. काकूंनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि बाजूला झाल्या. काका नुसत्या बनियनवर बसून सुपात तांदूळ निवडत होते. म्हणाले, "सलाम. ये, बस." मी बसले नाही. उभ्या उभ्या जे तोंडाला येईल ते बोलले. "तुम्हाला येत होतं! डब्याच्या सुट्टीत फुकट करून दाखवता आणि माझ्या पोटावर पाय येत होता तेव्हा नाही? दहा मिनिटं, काका! तुमच्या हातात होतं!"

"हो," ते म्हणाले. "होतं."

मी थांबले. वाटलं, आता समजावतील. नियम सांगतील, येशू सांगतील. त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मग का नाही केलंत?"

"त्या तुकड्याचं माप कुणालाच नको होतं गं. मला येतं की नाही, तेवढंच बघायचं होतं." मग म्हणाले, "चुकलंही असेल माझं."

चुकलंही असेल! या दोन शब्दांनी माझं डोकं इतकं फिरलं की सांगता सोय नाही. माणसाने निदान आपली बाजू तरी मांडावी! मी चहा न घेता निघाले. काकू फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा ये गं." मी म्हटलं, मी पुन्हा तुमचं तोंडही बघणार नाही. सहा वर्षं गेले नाही.

बाबा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फोल्डर कपाटाच्या वर गेला. बँकेच्या परीक्षा दिल्या, नापास झाले. कारखान्यांमध्ये मुलाखती दिल्या. आधीची नोकरी का सोडली? घरगुती अडचण, म्हणायची. दोन ठिकाणी म्हटलं, दोन्ही ठिकाणी नकार. तिसरी मुलाखत गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होती. त्या दिवशी खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "गरम शाफ्ट नापा था," मी म्हटलं. "बारह पीस स्क्रैप हुए. मेरी गलती थी." मालक म्हाताऱ्या सरदारजींनी चष्मा वर केला. "गरम नापा? फिर ठंडा करके कौन नापेगा, पुत्तर?" सोमवारपासून ये म्हणाले. माझ्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात मी एक पुठ्ठा उभा केला. रागातच केला. पण केला.

मग सहा वर्षांनंतरचा नोव्हेंबर. माझा पगार पिपलानीच्या बँकेत जमा व्हायचा, तिथे पासबुकासाठी गेले होते. पेन्शनवाल्यांची ही रांग! नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत म्हणून. रांगेत हिरवा स्वेटर दिसला. रफूवर आता आणखी रफू. मला वळून निघून जायचं होतं. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

"सलाम," काका म्हणाले. जणू कालच भेटलो होतो. खूप वाळले होते. "हा दाखला मला फार आवडतो बघ. काय केलंत ते विचारतच नाहीत. जिवंत आहात का? आहे. झालं. इस्त्रीचा शर्ट घालून येतो मी याच्यासाठी." स्वेटरची कॉलर बाजूला करून त्यांनी शर्ट दाखवला.

त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने अंगठा ठेवायच्या छोट्या यंत्राकडे बोट दाखवलं. काकांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल. दहाही बोटं झाली. तिने रुमालाने पुसायला लावली, ओली करायला लावली, पुन्हा पुसायला लावली. लाल, लाल, लाल. चाळीस वर्षं लोखंड चाचपून बोटं साफ गुळगुळीत झाली होती, एक रेष शिल्लक नव्हती. "अंकल, मशीन नहीं ले रही," ती म्हणाली. "आप बैठिए, मैनेजर से पूछती हूँ."

मी भडकले. "अरे, नहीं ले रही मतलब? आदमी सामने खड़ा है, साँस ले रहा है! और क्या साबित करे?" सगळी बँक माझ्याकडे बघायला लागली. काकांनी माझ्या कोपराला धरून बाकावर बसवलं. "बस गं. मी तिला दिसतोय. तिचं यंत्रच आंधळं, ती तरी काय करणार?"

आम्ही बसलो. मग काका आपल्या तळहातांकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी माझे हात थरथरत होते."

मला क्षणभर कळलंच नाही, कुठल्या दिवशी.

"म्हणून खिशात घातले. तो किती आटेल तो आकडा तयार होता माझ्या जिभेवर. तुकडा हातात घेतला तेव्हाच. आणि पोरी, मला सांगायचा होता. फार सांगायचा होता. त्या सूटवाल्याचं तोंड बघायचं होतं मला. सगळी शॉप काचेपलीकडे. आयुष्यभर माणूस दोन शब्द लिहितो तो काही साधुसंत असतो म्हणून नाही. एकदा लिहायला लागलो तर थांबणार नाही, ही भीती होती मला. तरुणपणी मी तसा होतो. काकूला विचार. तुझ्यापेक्षा दुप्पट."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, यांना काही होतच नाही.

"म्हणून नाही सांगितला. पण तुझी नोकरी गेली त्यात." त्यांनी तळहात पालथे केले. "ते बरोबर झालं की नाही, मला माहीत नाही. अजून नाही. सांगितला असता तर माझं काय झालं असतं ते मला कळतं, पण तू तर राहिली असतीस. रोज ठेवतो मी हे देवापुढे. उत्तर काही येत नाही. तो मला तरीही आपलाच म्हणतो, एवढंच. त्याच्या भरवशावर उठतो सकाळी."

सहा वर्षं मी या माणसाच्या तोंडून एक कारण ऐकायला तडफडत होते, आणि आता मिळालं तर मला त्याचं काही करायचंच नव्हतं. त्यांचे ते गुळगुळीत हात मी माझ्या हातात घेतले.

"अंकल!" मुलीने हाक मारली. "मैनेजर बोल रहे हैं, कागज़ पर हो जाएगा. बस इसी ब्रांच का कोई खातेदार पहचान दे दे कि यही हैं और ज़िंदा हैं."

काका उठायला लागले, म्हणाले, "काकूचं खातं आहे इथे, तिला बोलावून आणतो." मी त्यांना खाली बसवलं आणि काउंटरवर गेले.

फॉर्म साधाच होता. मी यांना ओळखते, हे आज माझ्यासमोर जिवंत हजर आहेत. खाली माझी सही, खाते क्रमांक. मुलगी एक रकाना स्वतः भरत होती. पेन उचलून तिने विचारलं, "मैडम, आपके क्या लगते हैं?"

जुने सहकारी? गुरू? ज्यांनी माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली ते? ज्यांनी माझी नोकरी वाचवली नाही ते? काय सांगणार?

"मेरे हैं," मी म्हटलं.

"वो तो ठीक है. पर लिखूँ क्या?"

"यही लिखिए. मेरे हैं."

तिने खांदे उडवले आणि लिहिलं. मी मागे वळले. काका बाकावरून उठून उभे राहिले होते. तोंड थोडं उघडं, डोळे मोठे झालेले. इतक्या वर्षांत असा चेहरा मी त्यांचा कधीच बघितला नव्हता. तो चेहरा मला ओळखीचा होता, कारण एरवी त्यांच्या धक्क्यांनी तो माझा व्हायचा. मग त्यांनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि तिथेच, त्या गर्दीत, बाकाचा आधार घेऊन पुन्हा खाली बसले.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांना दाखला द्यायची गरज पडली नाही. पिपलानीच्या त्या दारावर काकूंची पाटी अजून आहे. मी दर रविवारी जाते, आणि काकू दार उघडतात तेव्हा सलाम म्हणते.